फर्नेस पेटते आणि लगेच विझते: वॉरंटीवाल्यांच्या भरवशावर राहू नका

फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, पेटते, चार-पाच सेकंदांत विझते, पुन्हा पेटते, आणि दोन-तीनदा असं झालं की गपगार. होम वॉरंटीवाले (ठरलेले पैसे घेऊन घरातली यंत्रं दुरुस्त करून देणारी कंपनी) म्हणतात माणूस पुढच्या आठवड्यात येईल. घरात तान्हं बाळ. तुमचं हे वाचलं आणि राहवलं नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये आमच्याकडे ऐन जानेवारीत हेच घडलं होतं.

थर्मोस्टॅट, ब्रेकर, फिल्टर हे तुम्ही पाहिलंच असेल. मी टेक्निशियन नाही, आणि प्रत्येक मॉडेल वेगळं असतं, हे आधीच सांगतो.

काही सेकंदांत विझत असेल तर माझा पहिला संशय फ्लेम सेन्सरवर. बर्नरच्या ज्योतीत धरलेली ती धातूची बारीक कांडी. ज्योत लागली की तिच्यातून अगदी थोडा, काही मायक्रोअँपिअर एवढाच प्रवाह जातो आणि त्यावरून बोर्डाला (फर्नेस चालवणाऱ्या सर्किटला) कळतं की गॅस खरंच जळतोय. कांडीवर पुटं चढली की प्रवाह पोचत नाही, आणि बोर्ड सुरक्षेसाठी गॅस तोडतो. म्हणजे फर्नेस बिघडलेली नसते, तिला ज्योत दिसत नसते इतकंच. बहुतेक ठिकाणी एका स्क्रूवर कांडी बाहेर येते आणि बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसली की काम होतं. जाड सँडपेपर नको, चरे पडतात. त्याआधी फर्नेसची वीज आणि गॅस दोन्ही बंद. जवळचा इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) फार ठिसूळ असतो, त्याला बोट लावू नका. हात धजत नसेल तर हे काम टेक्निशियनलाच करू द्या, पण काय करायचं ते त्याला तुम्ही सांगा.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. फर्नेसचं दार उघडायच्या आधी त्यावरच्या छोट्या काचेतून बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो त्याचा फोनवर व्हिडिओ काढा. दार काढलं की डोअर स्विच वीज तोडतो आणि बऱ्याच बोर्डांवरचा एरर कोड, म्हणजे लुकलुकण्यातून सांगितलेली बिघाडाची खूण, पुसला जातो. कोडचा तक्ता सहसा दाराच्या आतल्या बाजूलाच चिकटवलेला असतो.

फर्नेसला हवा देणारे आणि तिचा धूर सोडणारे दोन पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर गेले असतील तर त्यांच्या तोंडाशी बर्फ साचलाय का तेही बघा. फर्नेस मात्र काही मिनिटं नीट चालून विझत असेल आणि पंखा तसाच चालू राहत असेल, तर गोष्ट वेगळी: हवा कोंडतेय (बहुतेक फिल्टर तुंबलाय), आत तापतंय, आणि जास्त तापल्यावर गॅस तोडणारा लिमिट स्विच ज्योत विझवतोय. आपल्याकडच्या फोडण्या, तळण आणि उदबत्त्या धरून फिल्टर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा. एक इंची खाचेत मर्व्ह 13 (फार बारीक गाळणारा, हवेला अडवणारा फिल्टर) कोंबू नये, असं माझं मत. काहींना ते पटणार नाही.

आता वॉरंटीबद्दल. आम्हाला सगळ्यात महाग पडली ती फर्नेस नव्हे, ती कंपनी. आधी सर्व्हिस फी घेतली. मग त्यांचा माणूस येईपर्यंत घर गारठलं. त्याने मीटर न लावताच बोर्ड गेला म्हणून सांगितलं. पार्ट मागवायच्या नावाखाली भिजत घोंगडं. आणि शेवटी कंपनीने 'देखभालीचा पुरावा नाही' म्हणत हात वर केले. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप त्या थंडीत फुटला, त्याचा खर्च तर त्यांच्या हिशेबातच नव्हता. अखेर बाहेरच्या एका टेक्निशियनने तो सेन्सर साफ केला आणि घर तापायला लागलं. म्हणून कळकळीने सांगतो: बाळ आहे, पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. इमर्जन्सीत स्वतः माणूस बोलावला तर पैसे परत देणार का, हे आजच ईमेलवर विचारा. फोनवरच्या होकाराला काही अर्थ नसतो. आणि दर शरद ऋतूत सर्व्हिसिंग करून त्याची पावती जपा, क्लेम नाकारताना पहिलं बोट तिकडेच दाखवतात.

'हीट एक्स्चेंजरला (जळता गॅस आणि घरातली हवा वेगळी ठेवून उष्णता देणाऱ्या धातूच्या भागाला) तडा गेलाय, नवी फर्नेसच घ्या' असं कोणी म्हणालं तर तड्याचा फोटो मागा आणि दुसऱ्याकडून खात्री करून घ्या. तोवर फर्नेस बंदच ठेवा, कारण तडा खरा असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका खरा आहे. झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म हवाच. तो वाजला किंवा गॅसचा वास आला तर काही तपासत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच 911 ला (अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर) फोन करा.

आज रात्री बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. स्पेस हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशनवर नको. दिव्याचा कोड आणि मॉडेल नंबर इथे टाका, मी बघतो.