सेंट्रल लाइन, म्हणजे मानेतल्या वगैरे मोठ्या शिरेत घालायची नळी, टाकायचं ठरावीक प्रशिक्षण मुरलेल्या डॉक्टरांनाही सक्तीचं असावं का? मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, शिकून खरंच फरक पडतो का?

असावं. आणि सगळ्यात आधी त्यांनाच.

मी आयसीयूत सिस्टर होते, आता निवृत्त आहे. एका रात्री सेप्टिक शॉकचा, म्हणजे जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेला, पेशंट होता. बीपी टिकवणारं नॉरॲड्रिनालिन हाताच्या शिरेतून चाललेलं, लाइन हवीच होती. घरून आलेल्या बड्या सर्जननी नुसते ग्लोव्हज चढवले, मानेवर होल टॉवेल (मधे भोक असलेलं छोटं कापड) टाकला आणि सुई मागितली. मी म्हटलं, "सर, गाऊन, मास्क आणि पेशंटला अंगभर झाकणारा मोठा ड्रेप. सेट उघडून ठेवलाय."

"सिस्टर, तुम्ही पंप बघा."

मी ट्रॉली मागे ओढली. बीपी टिकून होतं, गाऊन घालण्यापुरता वेळ नक्की होता. घातला त्यांनी, पण रेसिडेंटसमोर, म्हणजे शिकाऊ डॉक्टरसमोर, माझा उद्धार करत. सकाळी मेट्रननी लेखी खुलासा मागितला तो माझ्याकडे. गाऊन का नको होता, हे सरांना कुणी विचारलं नाही.

हात त्यांचा उत्तमच, पहिल्याच प्रिकमध्ये शीर सापडायची. पण जंतूंना त्याचं काय कौतुक! २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी आयसीयूतल्या नर्सेसना महिनाभर फक्त बघायला सांगितलं: हात धुतले का, त्वचेवर जंतुनाशक क्लोरहेक्सिडीन लावलं का, पूर्ण ड्रेप, गाऊन-मास्क, शेवटी ड्रेसिंग. एक तृतीयांशाहून जास्त पेशंटांत डॉक्टरांनी एखादी तरी पायरी गाळली होती. मग पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला मिळाला, आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी राहिलं. खुलासा वगैरे नाही. पुढे मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी हीच पद्धत उचलली आणि लाइनची इन्फेक्शन्स झपाट्याने उतरली.

मॅनिकिनचं म्हणाल, तर फरक पडतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये रेसिडेंटना ठरलेले गुण मिळेपर्यंत त्याच्यावरच सराव करायला लावला. तिथल्या आयसीयूत इन्फेक्शनचा दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एक लाइन एक दिवस राहिली की एक कॅथेटर-दिवस) ३.२० वरून ०.५० वर आला. पण आपल्याकडे रेसिडेंट मॅनिकिनवर सगळं नीट शिकतो आणि रात्री सरांना होल टॉवेलवर लाइन टाकताना बघतो. त्यातलं कुठलं त्याच्या अंगवळणी पडणार? म्हणून सरांनाही त्याच बॅचमध्ये बसवा, आणि सिस्टरलाही. "थांबा" म्हणायचा आणि ऐकायचा सराव दोघांनी तिथेच करावा.

हो, पेशंट क्रॅश होत असेल तर ड्रेपसाठी अडून बसू नये, हे मलाही कळतं. अशी घाईत टाकलेली लाइन शक्य तितक्या लवकर, फार तर ४८ तासांत बदलायची असते. केसपेपरवर तसं लिहून ठेवा, नाहीतर दिवसपाळीला कळत नाही आणि ती तशीच राहते.