बिन, भ्रतार आणि सेंटिमॉर्गन : घराण्याच्या शोधाबद्दल वाचकांचे प्रश्न

घराण्याचे मूळ शोधणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेकांनी आधी डीएनए तपासणी करून घेतली आणि मग कागदांकडे वळले. आमचा आग्रह उलट क्रमाचा आहे. तो का, हे उत्तरांतून ध्यानात येईल.

प्रश्न : लाळेची किट मागवली. अहवालात '99 टक्के दक्षिण आशियाई' एवढेच आले. आमचे मूळ गाव यातून कसे कळणार? (ठाणे)

उत्तर : नाही कळणार, आणि त्यात तुमचे काही चुकलेले नाही. ही टक्केवारी म्हणजे कंपनीने जमवलेल्या नमुन्यांशी तुमच्या डीएनएचा घातलेला मेळ. त्या साठ्यात युरोपातले नमुने भरपूर आणि आपल्याकडचे थोडे. चिपळूण आणि चंद्रपूर यांतला फरक त्यातून निघत नाही. ते पान बाजूला ठेवा आणि 'जुळणाऱ्या व्यक्तीं'ची यादी उघडा. तिथे प्रत्येक नावापुढे सेंटिमॉर्गनमध्ये (दोघांत सामाईक असलेल्या डीएनए तुकड्यांची लांबी मोजण्याचे एकक) एक आकडा असतो. आई किंवा वडील आणि मूल यांच्यात तो 3,400 ते 3,500च्या घरात येतो. आजी-आजोबा सामाईक असतील (सख्खे चुलत, मामे, मावस) तर सरासरी 866, पणजी-पणजोबा सामाईक असतील तर 229 आणि खापरपणजोबांचे जोडपे सामाईक असेल तर 73. पण सरासरी ती सरासरीच. पणजोबांच्या नात्यात 41 पासून 592 पर्यंत आकडे नोंदले गेले आहेत, तर खापरपणजोबांच्या नात्यात साधारण दहातल्या एका जोडीत काहीच जुळत नाही. म्हणून इतक्या लांबच्या भाऊबंदाशी शून्य आले तरी 'हा आमचा नव्हेच' असा निकाल देऊ नका.

डीएनए दोन जिवंत माणसांत रक्ताचे नाते किती जवळचे, एवढे दाखवतो. पणजोबांचे नाव आणि गाव कागदावरच सापडते.

प्रश्न : आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची पद्धत आहे. यादीत 80 ते 120 सेंटिमॉर्गनची बरीच माणसे दिसतात, पण एकाशीही नाते जुळवता येत नाही. (सांगली)

उत्तर : आकडे फुगलेले आहेत. लग्ने पिढ्यान्‌पिढ्या जातीतच आणि पुष्कळदा ठरावीक पंचवीस-तीस गावांतच झाली, की दोन माणसे एका वाटेने नव्हे तर पाच-सहा लांबच्या वाटांनी नातलग असतात. प्रत्येक वाटेने थोडे थोडे येते आणि बेरीज मोठी दिसते. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्राची संशोधन संस्था) आणि हार्वर्डच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले, की आपल्याकडच्या लोकगटांतली मोठी सरमिसळ सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात झाली आणि त्यानंतर आपापल्या गटात लग्न करण्याची रीत घट्ट झाली. वरच्या सरासऱ्या मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांवरून काढलेल्या आहेत. त्या आपल्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

उपाय असा : एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा किती सेंटिमॉर्गनचा, ते आधी पाहा. 100ची बेरीज सात-आठ-नऊच्या बारक्या तुकड्यांनी झाली असेल, तर नाते खूप जुने आणि पसरट आहे. त्यामागे वेळ घालवू नका. त्याच 100मध्ये 30-40चा एखादा सलग तुकडा असेल, तर चार-पाच पिढ्यांत सामाईक पूर्वज असण्याची शक्यता चांगली. शिवाय पालकच एकमेकांचे सख्खे मामे-आत्तेभावंड असतील, तर मुलाच्या डीएनएचा सुमारे सहा टक्के भाग आईकडून आणि वडिलांकडून सारखाच आलेला असतो. मग एखादी जुळणी आईच्या बाजूची की वडिलांच्या, हे ठरतच नाही. जीईडीमॅच या संकेतस्थळावर तपासणी कंपनीकडून मिळालेली डीएनएची कच्ची फाइल चढवून पालक नातलग आहेत का, ते तपासता येते. ते पहिल्याच दिवशी करा. साट्यालोट्याच्या लग्नांतली मुले तर एकमेकांशी 1,700च्या आसपास जुळतात, म्हणजे सख्ख्या काका-पुतण्याइतकी. एका जोडीवरून घरात संशय घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

प्रश्न : आमच्या आडनावाची, एकाच कुलदैवताची दोन घरे. दोघांकडच्या वंशावळीत मूळपुरुष एकच. दोन्ही घरांतल्या पुरुषांची वाय-डीएनए तपासणी केली, ती जुळली नाही. वंशावळ खोटी म्हणायची का? (सातारा)

उत्तर : खोटी म्हणू नका. वाय-गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते आणि वंशावळीही पुरुषांच्याच नावांनी लिहिल्या आहेत, म्हणून दोन्हींची ओळ एकच असावी असे वाटते. पण आपली वंशावळ वारसाची आहे, आणि वारस दत्तकही असतो. करवीर गादीचेच पाहा. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी दत्तक झाले आणि शाहू छत्रपती म्हणून भोसल्यांच्या वंशावळीत आले. इथे जन्माचे कूळ आणि गादीचे कूळ वेगळे. उलट 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव हे कवळाण्याच्या गायकवाडांपैकी, म्हणजे भाऊबंदांतलेच. दत्तक दोन्हीकडे, पण वाय-गुणसूत्राची ओळ तुटेल ती पहिल्या प्रकारात. वतनदार-इनामदारांच्या घरांत तर मुलगा नसला की दत्तक हा रिवाजच होता. याशिवाय घरजावयाच्या मुलांनी आजोळचे आडनाव लावणे आणि पाट लावलेल्या बाईबरोबर आलेल्या मुलाने नव्या बापाचे नाव लावणे, हेही सर्रास झाले आहे. यातले काहीही लाजेचे नाही.

आता कामाचे. प्रत्येक घरातून एकच नमुना पुरेसा नाही. शक्यतो लांबच्या दोन शाखांतला एकेक पुरुष निवडा. वाय-गुणसूत्रावरच्या 37 खुणांची (मार्कर) तपासणी या कामाला पुरते. एका घरातले दोघे आपसांत जुळले आणि दुसऱ्या घरातले जुळले नाहीत, तर तुटलेला सांधा दुसऱ्या घरात आहे. मग वंशावळीत ज्या पिढीवर दोघांच्या शाखा फुटतात, तिच्याखाली शोधा. इनाम असेल तर पुण्याच्या पुरालेखागारात इनाम कमिशनची कागदपत्रे पाहा. 1852 नंतरच्या या चौकशीत इनामदारांकडून कैफियती घेतल्या गेल्या आणि त्यांत वंशावळ, दत्तकाची तारीख, दत्तकाचा जन्मदाता बाप अशी माहिती येते. आणि हो, वाय-डीएनएवरून गोत्र ठरत नाही. दत्तकाने गोत्र बदलते, गुणसूत्र नाही.

प्रश्न : आजोबा राजापूर तालुक्यातून गिरणीत कामाला आले. गावाचे नाव माहीत आहे, पण गावात आमची जमीन नव्हती असे सांगतात. सुरुवात कुठून करू? (लालबाग)

उत्तर : 'जमीन नव्हती' याचा अर्थ नाव कुठेच नाही असा होत नाही. तुमच्याकडे बहुतेक गावे खोतीची. सरकारदरबारी नाव खोताचे, कसणारे कूळ वेगळे. कुळांची नावे बोटखतात (खोती गावातल्या कुळांची नोंदवही) सापडतात, म्हणून 'बोटखत' असे नाव घेऊनच नक्कल मागा. मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांची नोंद. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903चा, त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून फेरफाराची अपेक्षा ठेवा. तिसरा कागद गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात : गावातल्या जन्ममृत्यूची नोंद. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव शोधू नका, कारण बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते आणि पुढे बापाचे नाव, जात, तारीख. शाळेचे जनरल रजिस्टर नावासाठी आणि गावासाठी उत्तम, जन्मतारखेसाठी कच्चे. 1 जून ही तारीख दिसली, तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली समजा.

तहसीलदारांच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना 'आमच्या घराण्याची सर्व कागदपत्रे' असे लिहिले की अर्ज पडून राहतो. गाव, नोंदवहीचे नाव आणि पाच-पाच वर्षांचा टप्पा लिहा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा यांतल्या पुष्कळ वह्या स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. आधी तिथे बघा.

फेरफाराची एक नमुना ओळ : 'तुकाराम बिन राघोजी मयत, वारस 1 गणपत 2 धोंडू अज्ञान, अ.पा.क. आई भागीरथी भ्र. तुकाराम'. बिन म्हणजे मुलगा, भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. काही कागदांत बायकोसाठी 'कोम' येतो. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एका ओळीत तीन पिढ्या, थोरला-धाकटा आणि पणजीचे नाव. तुमच्या लक्षात आले असेल, आडनाव यात कुठेच नाही. म्हणून नुसत्या आडनावाने शोधणारे रिकाम्या हाताने परत येतात.

नाशिक-त्र्यंबकला जाणे होईल तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. तिथे मूळ गाव आणि जात विचारून बाड काढतात. नोंद पुष्कळदा खुद्द यात्रेकरूच्या हातची असते आणि सोबत आलेल्या बायकांची नावेही असतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या वाचकांनी आपल्या घराण्याचा हेळवी (घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा) कोण, ते आधी विचारावे.

प्रश्न : घरातल्या मोडी कागदावर 'सीत खमसैन मया व अलफ' अशी तारीख आहे. इसवी सन कसा काढायचा? (पुणे)

उत्तर : हा शुहूर सन, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला, एककापासून उलटा वाचायचा. सीत 6, खमसैन 50, मया 100, अलफ 1000 : मिळून 1156. त्यात 599 मिळवा : 1755. वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे कागद जून 1755 ते जून 1756 यांतला. कागदातली तिथी पौष-माघाची असेल तर 1756 घ्यायचे. इथेच लोक एका वर्षाने चुकतात. शके असेल तर 78 मिळवा, पौषाच्या उत्तरार्धापासून 79. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, तेव्हा मोडी वाचून देणाऱ्याकडून देवनागरी उतारा 'जसाच्या तसा' मागा. त्याने आपल्या मनाने शुद्ध केलेली नावे घेऊ नका.

प्रश्न : खापरपणजोबा मुंबईहून मॉरिशसला आले. रत्नागिरीकडचे, एवढेच घरात सांगतात. भारतातल्या नातलगांचा पत्ता डीएनएने लागेल का? (मॉरिशस)

उत्तर : आधी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटचा अभिलेख विभाग गाठा. कंत्राटी मजुरांच्या नोंदवह्या तिथे आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक होता. जुन्या जन्म किंवा विवाह दाखल्यावर तो सापडतो, आणि तो मिळाला की जहाज, तारीख, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव-परगणा असे पुष्कळ हाती येते. नावे कारकुनाने कानाने ऐकून लिहिली. जुन्या इंग्रजी कागदांत रत्नागिरीचे 'रुटनाघेरी' होते. गावाचे नाव मोठ्याने वाचा, मग कोकणातल्या गावांच्या यादीशी ताडून पाहा. तुमचे आजचे आडनाव बहुधा त्या पूर्वजाचे पहिले नाव असेल. त्यामुळे इथे त्या आडनावाचे घराणे शोधून उपयोग नाही. बापाचे नाव आणि गाव हीच खरी चावी.

डीएनएचे म्हणाल, तर खापरपणजोबांच्या भावाचे इथले वंशज तुमच्याशी सरासरी 35 सेंटिमॉर्गनने जुळतील, आणि निम्म्या जोड्यांत काहीच जुळणार नाही. शक्य असेल तर तुमच्याऐवजी घरातल्या सर्वांत वडील माणसाची तपासणी करा. एक पिढी जवळ म्हणजे तुकडा दुप्पट.

प्रश्न : जात पडताळणीसाठी डीएनए अहवाल चालेल का? (बीड)

उत्तर : नाही. तिथे कागद लागतात. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा आणि वंशावळीचे शपथपत्र. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीशी जोडणारा एकेक कागद जमवा; बहुतेक प्रकरणे मधल्या एका सांध्यावर अडतात.

प्रश्न : माहिती सुरक्षित राहते का? (नागपूर)

उत्तर : पूर्ण खात्री कोणी देऊ नये. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून 2023 मध्ये सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. खाते आद्याक्षरांनी उघडा, संशोधनाची संमती बंद ठेवा, कच्ची फाइल उतरवून घेऊन नमुना नष्ट करायला सांगा. सख्ख्या भावंडांना मात्र आधी विचारा, कारण तुमच्या फाइलमध्ये त्यांचाही निम्मा डीएनए असतो.

प्रश्न : आजी 86 वर्षांची आहे. दोनदा किट पाठवली, दोन्ही वेळा नमुना बाद. (कोल्हापूर)

उत्तर : या वयात तोंड कोरडे पडते, बऱ्याच औषधांनीही पडते. सकाळी, चूळ भरून झाल्यावर अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. मिश्री, तंबाखू, पान तर नाहीच. गालावरून बाहेरून हलके चोळा, लिंबाची फोड नुसती नाकापाशी धरा. नळीतली खूण फेस सोडून भरली पाहिजे. फेस धरून भरलेली नळी हे बाद होण्याचे नेहमीचे कारण. पंधरा-वीस मिनिटे लागली तरी लागू द्या. झाकणातले द्रव पूर्ण उतरले का, ते बघा आणि सांगितल्याप्रमाणे हलवा. तरीही जमले नाही, तर गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेणारी कंपनी निवडा. कवळी काढून, दोन्ही गालांना अर्धा ते एक मिनिट. आजीला कधी अस्थिमज्जा रोपण झाले असेल, तर तपासणी करूच नका; लाळेत दात्याचा डीएनए येतो.

आणि किट टपालात पडायच्या आधी आजीजवळ बसून तिच्या आईचे माहेर, तिच्या आजीचे माहेर आणि त्या घरांची कुलदैवते लिहून घ्या. वंशावळीत बायका सून म्हणून येतात; त्या कुठून आल्या, हे बहुतेक कागदांवर नसते.