वाचकांचे प्रश्न : अ‍ॅझ्टेकांचं जोडमंदिर

प्रश्न : मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी अ‍ॅझ्टेक मंदिराची प्रतिकृती करायची आहे. थर्माकोलचा पिरॅमिड करून वर एक देऊळ ठेवलं तर चालेल का? (सिडको, नाशिक)

उत्तर : चारही बाजूंना जिने आणि माथ्यावर एकच देऊळ केलंत, तर ते मेक्सिकोतल्याच चिचेन इत्साचं, माया लोकांचं मंदिर होईल. ही गल्लत नेहमीची. अ‍ॅझ्टेक राजधानीचं मुख्य मंदिर, आजच्या मेक्सिको सिटीतलं टेम्प्लो मायोर, पश्चिमाभिमुख होतं. दोन जिने शेजारी-शेजारी, त्या एकाच बाजूला. सपाट माथ्यावर दोन गाभारे. समोरून पाहताना डावीकडचा पर्जन्यदेव त्लालोकचा, निळा. उजवीकडचा युद्धदेव हुइत्सिलोपोच्त्लीचा, लाल. पाया सुमारे ८० मीटर, गाभाऱ्यांसह उंची ४५ मीटरच्या आसपास धरतात. १ सेंटीमीटरला २ मीटर धरून ४० सेंटीमीटर पाया आणि २२ सेंटीमीटर उंची ठेवा. थर्माकोलवर स्प्रे मारू नका, तो विरघळतो; पोस्टर कलर घ्या.

उजव्या जिन्याच्या पायथ्याशी गोल शिळा हवीच, कारण सगळ्या रचनेचा अर्थ तिच्यात आहे. कथेनुसार हुइत्सिलोपोच्त्लीने कोआतेपेक डोंगरावर बहीण कोयोलशाउकी हिला मारून खाली लोटलं. मंदिर म्हणजे तोच डोंगर. बळी वर दिला जाई आणि देह जिन्यावरून खाली, शिळेवर कोरलेल्या तिच्या छिन्नविच्छिन्न प्रतिमेकडे ढकलला जाई. जिना एवढा उभा का, हे त्यावरून कळतं. सव्वातीन मीटर व्यासाची ही शिळा १९७८ मध्ये वीज कामगारांना खोदताना सापडली.

जमल्यास प्रतिकृती मधोमध कापलेली दाखवा. जुनं मंदिर न पाडता त्यावरच नवं चढवत, असे मुख्य सात टप्पे झाले. १५२१ नंतर स्पॅनिशांनी वरचं उद्ध्वस्त केलं, पण १३९० च्या सुमाराचे गाभारे पोटात दडल्यामुळे बऱ्याच अंशी वाचले. त्याच्याही आतला पहिला टप्पा भूजलामुळे खणता येत नाही.

प्रश्न : सुंदरनारायण मंदिरात मार्चच्या विषुवदिनी किरणं मूर्तीवर पडतात म्हणतात. अ‍ॅझ्टेक मंदिरातही असं काही होतं का? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : मोतोलिनिया या फ्रान्सिस्कन साधूने लिहून ठेवलंय की, विषुवदिनाच्या सणाला सूर्य मंदिराच्या मधोमध येई आणि ते किंचित वाकडं असल्याने अ‍ॅझ्टेक सम्राट मोक्तेसुमाला पाडून सरळ करायचं होतं. मंदिराचा अक्ष खरोखरच पूर्वेपासून सुमारे ७ अंश दक्षिणेकडे झुकलेला आहे. त्यामागे एक तर्क दिला जातो. विषुवदिनी सूर्य नेमका पूर्वेला उगवतो, पण तिरका चढत दक्षिणेकडे सरकतो. खाली पटांगणात उभ्या माणसाला तो दोन गाभाऱ्यांच्या फटीत दिसेपर्यंत तेवढा सरकलेला असणार. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही, गणित मात्र जुळतं.

मेक्सिको सिटी १९ अंश उत्तर अक्षांशावर, नाशिक २० वर. त्यामुळे पडताळा गच्चीवरून घेता येईल. २१ मार्चला सूर्योदयानंतर साधारण दीड तासाने होकायंत्र लावा. सूर्य पूर्वेच्या ७-८ अंश दक्षिणेला दिसेल. होकायंत्र लोखंडी कठड्यापासून लांब ठेवा, आणि सूर्याकडे थेट न बघता उभ्या काठीची सावली मोजा.