किल्ली तिच्याकडे द्या

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के. आठ वर्षं तबला शिकते. जेईईसाठी तो बंद करून कपाटात ठेवला, कुलूप लावलं. आता ती बोलत नाही, क्लासच्या चाचण्यांत मागे पडते. तबला ही नुसती हाताची सवय, त्याला डोकं कुठे लागतं? तिला कसं समजवावं? – एक पालक, सांगली

उत्तर : किल्ली तुम्ही ऑफिसच्या बॅगेत ठेवता, हे वाचून मला गुणांचं काही वाटेनासं झालं. घरात चोर आहे का? तुमच्या दोन पानी पत्रात ‘आम्ही ठरवलं’ तीनदा आहे आणि मुलीचं स्वतःचं म्हणणं एकदाही नाही.

आता ‘हाताची सवय’. तिला तबल्याशिवाय, हातानं टाळी-खाली (तालात टाळी द्यायची आणि रिकामी सोडायची जागा) दाखवत ‘धाधा तिट धाधा तिना’ची पढंत करायला, म्हणजे बोल तोंडानं म्हणायला सांगा. हात तबल्याला शिवणारही नाहीत, तरी अख्खा कायदा (ठरावीक बोलांची बांधलेली रचना) बाहेर येईल. मग तो होता कुठे? पलट्यात, म्हणजे कायद्याचे बोल उलटसुलट फिरवताना, मूळ कायद्याबाहेरचा बोल घ्यायचा नसतो. खाली आली की डाव्या हाताचा डग्गा मिटतो आणि ‘धा’चा ‘ता’ होतो. उजवं बोट तेच करतं, डावं काय करणार ते मात्रेची जागा ठरवते. म्हणजे पुढचा आघात मागच्या आघाताला चिकटून येत नाही, डोक्यातल्या आराखड्यातून निवडला जातो. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञानं १९५१ मध्येच हे मांडलं होतं : वादकाची बोटं सेकंदाला सोळा आघातांपर्यंत जातात, तेवढ्यात प्रत्येक आघाताची खबर मेंदूला जाऊन पुढचा हुकूम यायला वेळच नसतो. क्रम आधीच रचलेला असावा लागतो.

तबल्यानं गणित सुधारतं, असं मात्र मी म्हणणार नाही. तसले दावे करणारे पुष्कळ आहेत.

चाचण्यांचं म्हणाल तर ती एकाच धड्याची चाळीस उदाहरणं ओळीनं सोडवते, असं तुम्हीच लिहिलंय. पेपरात धडे मिसळलेले असतात आणि कुठली रीत लावायची हेच आधी ओळखावं लागतं. सरावातही मिसळा. सुरुवातीला जास्त चुकेल, चुकू द्या.

जेईई-सीईटीचं वेळापत्रक तुमच्या क्लासला पाठ आहे. इंजिनीअरिंग नकोच झालं तर मानसशास्त्रात पदवी घेऊन गांधीनगरच्या आयआयटीत कॉग्निटिव्ह सायन्सचं (मन आणि मेंदू विचार कसा करतात याच्या अभ्यासाचं) एमएस्सी करता येतं. पण हे तिनं विचारलं तर.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी वाचू नका.