ऐनवेळचे विषय : शाळा समितीबद्दल तुमचे प्रश्न

सगळी नोकरी पालिका शाळेत केली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य सचिव. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय काय चालतं ते आतून माहितीये. या वेळी चार प्रश्न घेतलेत.

मी घरकामं करते, मुलगा पालिका शाळेत तिसरीला. सगळ्यांनी मिळून मला समितीची अध्यक्ष केलं. मोठ्या बाई वही पुढे करतात, मी सही करते. आत काय लिहिलंय ते विचारायची लाज वाटते. (वागळे इस्टेट)

ताई, लाज आम्हाला वाटायला पाहिजे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, त्यात पालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या राज्यात 12 ते 16 जणांची समिती, अध्यक्ष पालकांमधलाच, आणि मुख्याध्यापक सचिव. म्हणजे मीटिंग तुमची आहे, मोठ्या बाई तुमच्या सचिव आहेत, आणि वाचून दाखवणं हे सचिवाचं कामच आहे. कुठल्याही सभेचा पहिला विषय ठरलेला असतो, मागच्या सभेचं इतिवृत्त (काय बोललं, काय ठरलं त्याची नोंद) वाचून कायम करणे, तर तिथेच म्हणायचं, बाई, सगळं मोठ्याने वाचा. बस एवढंच. तुमच्या शिक्षणाचा काही संबंध येत नाही.

माझाच किस्सा सांगतो. मी नवीन होतो, घाईत ठराव लिहायचो आणि खाली चार बोटं जागा सोडायचो, नंतर भर घालायला. बेइमानी नव्हती हो, आळस होता. एका सभेला भाजी विकणाऱ्या एक ताई होत्या, सही करायला वही घेतली, त्या कोऱ्या जागेकडे बघितलं, माझंच पेन घेऊन त्यावर तिरकी रेघ ओढली आणि मग सही केली. एक शब्द बोलल्या नाहीत. माझे कान तापले होते त्या दिवशी. तुम्हीही रेघ ओढा.

दुसरं, अजेंड्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' असं असतं, आणि खर्चाचे विषय नेमके तिथेच घुसवले जातात, सगळे उठायच्या घाईत असताना. परवानगी तुमची आहे ना, मग देऊ नका, पुढच्या सभेत घ्या म्हणा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं, 101 ते 250 मुलं असतील तर वर्षाला 50 हजार, त्यापुढे 1000 पर्यंत 75 हजार. ते कशावर गेलं हे विचारणं म्हणजे भांडण नाही, अनुदानावर लक्ष ठेवणं हे समितीचं कायद्यातलं काम आहे.

मी शिक्षिका आहे. समितीतले दोन पालक शिकवताना वर्गाच्या दारात उभे राहतात, मोबाइलवर शूट करून ग्रुपवर टाकतात. त्यांना हा अधिकार आहे का? (घणसोली)

नाही. देखरेखीचा अधिकार समितीला आहे, एकट्या सदस्याला नाही. सगळ्यांनी बसून ठरवायचं, कोणी कधी यायचं, ऑफिसमध्ये सांगून यायचं, आणि लहान मुलांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकणं तर साफ बंद. हा ठराव पालकांकडूनच मांडून घ्या, सूचक पालक आणि अनुमोदक पालक, शिक्षकांनी मांडला तर तो लगेच 'त्यांचा' होतो.

पण बाई, राग मानू नका, तुमच्या मीटिंगा कधी असतात? मंगळवारी सकाळी अकराला ना? रबाळे-महापेला शिफ्ट करणारा बाप तेव्हा कसा येणार, त्याला अर्ध्या दिवसाचा पगार सोडावा लागतो, मग तो सुट्टीच्या दिवशी तावातावात येतो आणि दारातच उभा राहतो. सभा महिन्यातून एकदा तरी व्हायलाच हवी, ती शनिवारी शाळा सुटल्यावर ठेवून बघा. आणखी एक, हे फार कमी लोकांना माहीत असतं, शिक्षकांवर अशैक्षणिक कामं लादली जात नाहीत ना हे बघणं समितीच्याच कामांत येतं. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून बाकीच्या कामाला लावलं तर हेच दारातले पालक तुमच्या बाजूने ठराव करू शकतात. त्यांना ते सांगितलंय का कधी कोणी?

आमच्या प्रायव्हेट शाळेत समिती नाही म्हणतात, पीटीए (पालक-शिक्षक संघ) आहे. फी वाढवायच्या मीटिंगला 'शाळेचे लाडके' पालकच बसतात. (घोडबंदर रोड)

विनाअनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती लागू नाही, तेवढं ते बरोबर बोलतायत. पण राज्याचा 2011 चा फी नियमन कायदा लागू आहे, त्यात शाळेचं वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ करायचा असतो आणि कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. हात वर करा आणि 'या मॅडम खूप अ‍ॅक्टिव्ह आहेत' असं चालत नाही. अध्यक्ष प्रिन्सिपल, उपाध्यक्ष मात्र पालक. आणि फीचा प्रस्ताव शाळेने नवीन वर्षाच्या निदान सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो. तुम्ही चिठ्ठीसाठी नाव दिलं होतं का, की फक्त ग्रुपवर अंगठे दाखवत होतात? जूनमध्ये लेखी नाव द्या, पोच घ्या, आणि सोडत सगळ्यांसमोर काढा असं त्याच पत्रात लिहा.

खिचडी पातळ असते असं मुलगी सांगते. आणि मी समितीत तक्रार केली तर शाळा तिच्यावर राग काढेल का? (दिवा)

खिचडीचं सोपं आहे. पाचवीपर्यंत एका मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. वाढण्याआधी मोठ्यांनी चव घ्यायची असते, त्यात पालकांची पाळी लावून घ्या. जेवण बाहेरच्या किचनमधून येत असेल तर डबा उघडताना हजर राहा, वाढून झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

रागाचं म्हणाल तर उघड कोणी काढत नाही, पण गॅदरिंगला मागच्या रांगेत उभं करणं वगैरे बारीकसारीक होतं, मी पाहिलंय, खोटं कशाला बोलू. म्हणून आमच्याकडच्या पालकांनी एक युक्ती काढली होती : आपल्या पोराचा विषय आपण मांडायचाच नाही. तुमच्या मुलीचं शेजारच्या काकू बोलतील, त्यांच्या मुलाच्या तुटक्या बाकाचं तुम्ही बोला.