डिचोलीतल्या विज्ञान केंद्रात मुलांना शून्य सावली कधी आणि कशी दाखवावी?

३ मे धरा. त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली बाजूला पडतच नाही, हीच शून्य सावली. आदल्या-दुसऱ्या दिवशी ५० सेंमी उंच उभ्या नळीची सावली दुपारी जेमतेम २-३ मिमी पडते, म्हणजे ते दिवसही चालतील. ऑगस्टमध्ये ९-१० च्या सुमारास हाच योग पुन्हा येतो, पण आपल्याकडच्या पावसात त्याच्या भरवशावर राहू नका.

वेळ ठीक बाराची नव्हे! आपली घड्याळं ८२.५° पूर्व रेखांशाची वेळ दाखवतात आणि डिचोली ७४° च्या जवळ आहे, त्यामुळे इथे सूर्य १२:३१ ला डोक्यावर येतो. बाराला पाहिलंत तर त्याच नळीची सात सेंमी सावली दिसेल आणि मुलं म्हणतील, प्रयोग फसला.

खरी चूक बहुतेक वेळा नळी उभी करताना होते. नळी १° कलली तरी ९ मिमी सावली पडते. म्हणून पीव्हीसी नळीचं टोक काटकोनात कापा, तिच्याखालचा पाट पाणसळीने समतल करा आणि गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून बघा. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेन्सिलची खूण करायला लावा.

आठवड्याने पुन्हा मांडा: मध्यान्हीची सावली आता दक्षिणेला पडलेली असेल. मुलांना खरी गंमत त्यातच वाटते.