हजाराचा एसएमपीएस घेऊ नको, भाऊ

आर्वीकडच्या भावा, वयाने तू माझ्या धाकट्या भावाएवढा वाटतोस, म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नको. तुझी पोस्ट वाचली: ५५ हजारांत गेमिंगचा पीसी जुळवायचा आहे, कापसाचे पैसे आल्यावर बाबांनी एकदाच हो म्हटलं आहे, आणि यादीत रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, काचेचा लाइटवाला कॅबिनेट. इथवर सगळं ठीक. मग तुझी शेवटची ओळ आली: "एसएमपीएस कोणताही चालेल, हजारापर्यंतचा सांगा. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज जरा कमी असतं."

ही ओळ, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दलची, वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. २०२३ मध्ये माझीही यादी हीच होती, शेवटची ओळही हीच. प्रोसेसर-रॅम-एसएसडी म्हणजे काय, ते कसं बसवायचं, हे तुला कळतं असं दिसतं, ते सोडून देतो.

माझं गाव आर्णी तालुक्यात. घर गावाच्या टोकाला, आणि आमच्याच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पिठाची चक्की. बजेट ५० हजार. प्रोसेसरला १२, मदरबोर्डला साडेसहा, रॅमला साडेतीन, एसएसडीला ३, कार्डला २१ आणि कॅबिनेटला ३ हजार. बेरीज ४९. उरले हजार, त्यात एसएमपीएस. दुकानदाराने खोक्यावरचा ४५० आकडा दाखवला आणि म्हणाला, "मस्त चालते भाऊ, रोज दहा जाते असे." कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्या एसएमपीएसला नव्हतीच. त्याने ड्रॉवरमधून एक कन्व्हर्टर काढून दिला, जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनी मोलेक्समधून आठ पिना काढणारा. फुकट दिला म्हणून मला बरंही वाटलं.

आता तो एसएमपीएस माझ्यासमोर टेबलावर आहे, त्याचं स्टिकर वाचून दाखवतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४५०. स्टिकरवर बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जेवतात ते १२ व्होल्टवरच. एकट्या आरएक्स ६६०० ची कागदावरची भूक १३२ वॅट, ५६०० ची ६५. झाले १९७. पंखे, मदरबोर्ड अजून बाकीच. बाकीचे वॅट ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत, तिथे ते प्रोसेसर-कार्डाच्या काही कामाचे नाहीत. आणि कितीतरी लोकल मालावर तो ४५० म्हणजे वॅटही नसतात, ते नुसतं मॉडेलचं नाव असतं.

त्याच स्टिकरवर आणखी एक ओळ आहे, आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची. इनपुट: २००-२४० व्होल्ट. म्हणजे २०० च्या खाली गेलं तर कंपनीची काही हमी नाही. नंतर मी मल्टिमीटर घेतला आणि महिनाभर लिहून ठेवलं. रात्री २ वाजता २४०. संध्याकाळी ७ वाजता, चक्कीची मोटर सुरू झाली की १६५ ते १७०. कॉम्प्युटरला हवे तितके वॅट तो घेतोच, व्होल्टेज पडलं तर अँपिअर वाढवून घेतो. २३० ऐवजी १६५ मिळालं तर करंट जवळजवळ ४० टक्के जास्त. त्या जादा करंटची उष्णता त्या हजार रुपयांच्या डब्यात.

जानेवारीचा महिना, गव्हाचं ओलित सुरू होतं. मी सातच्या सुमाराला खेळत बसलो होतो. बल्ब पिवळा पडला, पंखे एकदा घोगरे वाजले, मग स्क्रीन काळी. आई चुलीजवळून ओरडली, "काय जळून राह्यलं रे?" मला वाटलं बाहेरचं कोणी पाचट पेटवलं. कॅबिनेटची काच काढली तर त्या कन्व्हर्टरचं पांढरं प्लास्टिक वितळून कार्डाच्या खोबणीत शिरलेलं, पिवळ्या वायरचं वेष्टण तपकिरी होऊन फाटलेलं. हाताने ओढलं तर निघेना. एसएमपीएस गेला, मदरबोर्ड गेला, कार्ड गेलं. दोन हजार वाचवायला गेलो आणि साडेअठ्ठावीस हजार गेले.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. कार्डाला ३ वर्षांची वॉरंटी होती. नागपूरला त्याचं सेवा केंद्र, नाव घेत नाही. गावाहून आर्णी, आर्णीहून यवतमाळ, तिथून नागपूरची बस. पहिल्या खेपेला काउंटरवर कार्ड हातातही न घेता म्हणाले, मूळ खोका आणा. दुसऱ्या खेपेला खोका नेला, तर म्हणाले हे बिल चालत नाही. ते खरंच कच्चं होतं. जीएसटीचे १८ टक्के वाचतात म्हणून वहीच्या कागदावरचं घेतलं होतं, त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना कार्डाचा सिरियल नंबर. दुकानदाराच्या हातापाया पडून, कराचे पैसे भरून पक्कं बिल केलं. तिसऱ्या खेपेला त्या माणसाने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं: पॉवरच्या खोबणीवर जळाल्याची खूण आहे, हे वॉरंटीत बसत नाही.

खूण पहिल्या दिवशीही तिथेच होती. पहिल्याच दिवशी पाहिलं असतं तर दोन खेपा वाचल्या असत्या. हरभऱ्याच्या सोंगणीचे दिवस, बाबा एकटे वावरात, आणि मी बसमध्ये. नियम त्यांच्या बाजूने होता हे मला मान्य आहे, जळलेलं कार्ड कोणीच घेत नाही. पण लांबून येणाऱ्या माणसाला सगळ्या अटी एकदम सांगायला काय जातं? या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही. म्हणून सांगतो, कुठेही वॉरंटीला जाण्याआधी वस्तूचे चारी बाजूंचे फोटो आणि बिल ईमेलने पाठव आणि "घेता की नाही" याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय बसमध्ये चढू नको. आणि बिल पक्कंच घे, त्यावर सिरियल नंबर लिहून घे. तुझ्याकडे पक्कं बिल आणि ईमेल असला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तरी लावता येतो. वहीच्या कागदावर तिथेही काही होणं कठीण.

आता तुझ्या यादीकडे. हे माझं मत आहे, दुसरे जाणकार वेगळं सांगतील, त्यांचंही ऐक.

एसएमपीएसला ३ ते ४ हजार आधीच बाजूला काढ, मग उरलेल्या पैशांत बाकीचं बसव. स्टिकरवर इनपुट १००-२४० असा, १२ व्होल्टला निदान ३५ अँपिअर असा, कार्डाची आठ पिनांची वायर डब्यातूनच निघणारी, ५ वर्षांची वॉरंटी. ८० प्लसचा शिक्का म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच, शॉर्ट झाल्यावर तो वाचवेल की नाही ते त्यात येत नाही. मोलेक्सचा कन्व्हर्टर कोणी फुकट दिला तरी घेऊ नको.

तेवढ्याने ५५ चे ६० व्हायला लागले तर? तर माझ्या मते कार्ड आत्ता घेऊच नको. ५६०० ऐवजी ५६००जी घे, त्यात ग्राफिक्स आतच असतं. व्हॅलोरंट त्यावर छान चालतं, जीटीए ५ सेटिंग उतरवून खेळता येतं. अट एकच, रॅमच्या ८-८ च्या दोन काड्या हव्यात. १६ ची एकच काडी लावली तर आतलं ग्राफिक्स बरंच मंदावतं. आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने पळवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने पळत राहते आणि तुला कळतही नाही. पुढच्या हंगामात कार्ड घे. ५६००जी मध्ये कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ५६०० च्या निम्मी आहे, १६ एमबी, त्यामुळे नंतर कार्ड लावल्यावर थोडे फ्रेम कमी मिळतील, हे आधीच सांगतो. मला ते चालतं. जळालेलं कार्ड चालत नाही.

स्वस्तात ४ जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी घे असं कोणी सांगेल. तुझा बोर्ड बी४५० आहे, तो पीसीआयई ३ चा, म्हणजे कार्डाच्या खोबणीच्या जुन्या पिढीचा. ते कार्ड त्या खोबणीच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, जुन्या बोर्डावर अडखळतं. नको. काचेचा कॅबिनेटही नको, पुढून जाळी असलेला साधा घे. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असतं, खोलीतलीच हवा तापलेली, ती तरी सरळ आत जाऊ दे. वेचणीच्या दिवसांत घरात कापूस असेल तर त्याचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकमध्ये नमद्यासारखे बसतात, दर महिन्याला ब्रशने काढ. रॅमचं मात्र तुझ्या यादीतल्या भावावर जाऊ नको, २०२५ च्या शेवटापासून डेटा सेंटरच्या मागणीने रॅम फार चढली आहे, घ्यायच्या दिवशी विचार. खरेदीला नागपूरला सीताबर्डीत गेलास तर दोन-तीन दुकानांत लेखी कोटेशन घे.

आता अर्थिंग. तू लिहिलंस की मित्राच्या पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि "ते नॉर्मल असतं". नाही भाऊ. एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट बॉडीवर सोडतात, तो जमिनीत जायला तिसरी पिन असते. आपल्या गावांतल्या किती घरांत त्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, भोक नुसतं शोभेला. माझ्याही घरी नव्हती. मग बॉडीवर शंभरच्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात, आणि चालू असताना टीव्हीची एचडीएमआय लावली-काढली तर पोर्ट जाऊ शकतो. वायरमनला बोलावून खड्डा करून घे, कोळसा-मीठ घालून. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यात पुरलेल्या पत्र्यापासून सुटते, आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. एप्रिल-मे मध्ये त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायचं. आमच्याकडे हे काम आई करते, तुळशीला पाणी घातलं की तिकडे.

मी वायरमन नाही. स्विचबोर्ड स्वतः उघडू नको, बल्ब लावून अर्थिंग तपासायचा प्रयोगही त्यालाच करू दे.

१६५ व्होल्टला एकटा चांगला एसएमपीएसही रोज ताणात ठेवू नये. यूपीएस घे, आत व्होल्टेज सावरणारा, म्हणजे एव्हीआर असलेला. १४० व्होल्टपासून काम करणारे मिळतात, खोक्यावर लिहिलेलं असतं. कार्डाशिवाय ६०० व्हीएचा पुरेल, तो साधारण ३६० वॅटचा असतो. कार्ड घेणार असशील तर १००० च्या पुढचा. दहा मिनिटं चालेल, म्हणजे गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो साइन वेव्हचा आहे का ते पाहा, चौकोनी वेव्हचा असेल तर नको. आणि मृगाच्या आधीच्या वादळात ढग गरजले की नुसता प्लग काढून भागत नाही, इंटरनेटची वायरही काढ. माझ्या दुकानातले दोन राउटर त्या वायरीवाटेच गेले. माझं तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यामुळे जळालेले एसएमपीएस बरेच पाहतो, आणि दर वेळी स्टिकरवर तेच बारीक अक्षर असतं.

बाबांना पीसी दाखवशील तेव्हा त्यांना हेही सांग की चार हजार अशा डब्याला गेलेत जो कोणाला दिसत नाही. मी सांगितलं नव्हतं, त्यांना न विचारता हजाराचा घेतला, आणि नंतर जे सांगावं लागलं ते फार जड गेलं. ते काही बोलले नाहीत. मदरबोर्डाचे पैसे दुसऱ्या दिवशी हातात ठेवले.

तर खरेदीला जाण्याआधी दोन कामं कर. एक साधा मल्टिमीटर आण आणि तीन दिवस संध्याकाळी ७ ला आणि रात्री ११ ला सॉकेटचं व्होल्टेज मोजून घे, तेही वायरमन सोबत असेल तर बरं. आणि दुकानदार जो एसएमपीएस दाखवेल त्याच्या स्टिकरचा फोटो इथे टाक, खोक्याचा नाही, स्टिकरचा. दुकान बंद करून मी ९ पर्यंत घरी येतो, पैसे देण्याआधी पाहून सांगतो.